जुना चौकोनी बेलर: नॉटरला हात सगळ्यात शेवटी लावा

धाराशिव जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे: "१४ एकर ऊस आहे, थोडं सोयाबीन, थोडा गहू आणि १२ म्हशी. पंजाबात भाताच्या पेंढ्यावर चाललेला १५ वर्षांचा चौकोनी बेलर २ लाख ८० हजारांना मिळतोय. मालक म्हणतो, दहातले दोन-तीन गठ्ठे सुटतात, नॉटर गेलाय. ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे. घ्यावा का? घेतला तर दुरुस्ती कुठून सुरू करू? आणि पाचटात चालेल का?"

दादा, नॉटर, म्हणजे सुतळीची गाठ मारणारा भाग, गेलाय एवढ्यावरून तो बेलर सोडू नका. आणि मालक नवीन नॉटर बसवून देतो म्हणाला, तर तेवढ्यावरून घेऊही नका. मी सोळा-सतरा वर्षं जुने बेलर, म्हणजे गवत-पेंढा उचलून, दाबून गठ्ठे बांधणारी मशीनं, खोलतो आणि जोडतो. "नॉटर गेलाय" म्हणत जी मशीनं माझ्या दारात आली, त्यांतल्या बहुतेकांचा दोष नॉटरच्या बाहेर निघाला. कुठे प्लंजर (गवत दाबणारा दट्ट्या) ढिला, कुठे सुई वाकलेली, कुठे चेंबरमधले (गवत दाबलं जातं त्या कप्प्यातले) खटके गंजून अडकलेले, तर कुठे सुतळीच हलकी. गाठ सुटते तिथे नजर जाते, म्हणून माणूस पाना घेऊन आधी नॉटरवर चढतो. चांगला चाललेला नॉटर असाच बिघडतो.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. आपल्याकडे बेललाही गाठ म्हणतात आणि सुतळीच्या गाठीलाही गाठच म्हणतात. फोनवर यातून फार घोटाळे होतात. खाली मी बेलला गठ्ठा म्हणतोय. गाठ म्हणजे फक्त सुतळीची.

वयाची काळजी करू नका. सुतळीची गाठ मारणारी ही यंत्रणा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबीने १८७८ च्या सुमारास पेंढ्या बांधायच्या मशीनसाठी घडवली. पेनसिल्व्हेनियातल्या एडविन नोल्टने चालता चालता गवत उचलून आपोआप बांधणारा बेलर बनवला आणि न्यू हॉलंड कंपनीने १९४० मध्ये तो विक्रीला आणला. गाठ घालणारी चोच, सुतळी धरणारी चकती, सुतळी वर आणणारी सुई हे मूळ भाग आजच्या नव्या मशीनमध्येही तेच काम करतात. म्हणजे १५ वर्षांचं मशीन तंत्राने जुनं झालेलं नसतं, ते फक्त झिजलेलं असतं. झीज कुठे आहे एवढंच बघायचं.

बघायला जाताना बॅटरी, एक पहार, चांगल्या सुतळीचं एक बंडल आणि जमलं तर दोन पोती कोरडं काड बरोबर न्या. मालक ट्रॅक्टर जोडून फिरवून दाखवायची घाई करेल, त्याला थांबवा. ट्रॅक्टर बंद, किल्ली तुमच्या खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद बेलरला देणारा दांडा) काढलेला. मग मशीन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फ्लायव्हील, म्हणजे बेलरचं जड चाक, हाताने सावकाश फिरवा. उलटं कधीही फिरवू नका. एक पूर्ण फेरा कानांनी ऐका. प्लंजर पुढे जाताना घासल्याचा एकसारखा आवाज यावा. मध्येच खट्ट झालं किंवा हाताला अचानक हलकं लागून पुन्हा जड लागलं, तर तिथे थांबून बॅटरी मारून आत बघा. धावत्या ट्रॅक्टरवर हा फरक कुणालाही कळत नाही, पण हाताला लगेच कळतो.

आता प्लंजर. बेलरचा जीव इथे आहे, म्हणून यावर वेळ घालवा. पीटीओच्या ५४० फेऱ्यांवर छोट्या चौकोनी बेलरचा प्लंजर मिनिटाला साधारण ८० ते १०० ठोके मारतो. एका हंगामात किती लाख ठोके झाले असतील याचा हिशेब करा. तो रुळांवर बेअरिंगच्या चाकांनी नाहीतर घसरपट्ट्यांवर धावतो. पहारेचं टोक खाली घालून प्लंजर वर उचलून बघा, मग बाजूला ढकलून बघा. किंचित हालचाल चालते. डोळ्याला सहज दिसेल एवढा तो उचलला गेला, तर चाकं किंवा पट्ट्या संपल्या आहेत. हे भाग मिळतात आणि बसवताही येतात. पण रूळच खचून त्यात खड्डा पडला असेल किंवा चेंबरचा तळ पत्र्यासारखा पातळ झाला असेल, तर किमतीत तेवढा फरक मागा. नाही दिला तर परत या. भाताच्या पेंढ्यात सिलिका फार असते आणि कंबाइनच्या मागे चाललेल्या मशीनमध्ये मातीही गेलेली असते. त्यामुळे पंजाबातून आलेल्या मशीनचा तळ हा माझ्या तपासणीतला पहिला मुद्दा असतो.

प्लंजरला एक सुरी असते आणि चेंबरच्या तोंडाशी दुसरी, ही स्थिर. दोन्हींनी मिळून कात्रीसारखं काम करायचं असतं. त्यांच्यातली फट साधारण अर्धा मिलिमीटर असावी, पाऊणच्या वर गेली की कात्री बोथट झाली समजा. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो, तोच खरा धरा. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर पैसे वाचवायचा मोह करू नका, विकत घ्या. फट वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी मोजा. प्लंजर तिरका चालत असेल तर वर बरोबर आणि खाली दीड मिलिमीटर असं हमखास सापडतं. गठ्ठ्याची एक बाजू दाढी वाढल्यासारखी झुबकेदार निघत असेल, तर समजा सुऱ्या कापत नाहीत, ओढताहेत. सुरी काढून फक्त उताराच्या बाजूने ग्राइंड करा आणि मध्ये मध्ये पाण्यात बुडवत राहा. पातं निळं पडलं तर त्याचं पाणी उतरलं, ते पुन्हा धार धरत नाही.

सुऱ्या बोथट असल्या की ट्रॅक्टर धापा टाकतो. मग लोक म्हणतात, ४५ एचपी पुरत नाही. छोट्या चौकोनी बेलरला ४५ एचपी सहसा पुरतो.

प्लंजर नीट चालू लागला की टायमिंग. आत तीन गोष्टी एकाच जागेत पाळीपाळीने येतात: गवत आत ढकलणारा फीडरचा काटा, दाबणारा प्लंजर आणि सुतळी वर आणणाऱ्या सुया. काटा बाहेर पडल्यावरच प्लंजरने यायचं. प्लंजर दाबून पुढे गेलेला असतानाच त्याच्या तोंडावरच्या खाचांतून सुयांनी वर यायचं. एखादी चेन एक दात जरी सरकली, तरी यांची एकमेकांशी टक्कर होते. म्हणून कुठलीही चेन किंवा गिअर खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि दोन्ही दातांवर पांढऱ्या रंगाची खूण करा. फोटो हरवतो, रंग राहतो. गठ्ठ्याची लांबी मोजणारं दातेरी चाक हाताने फिरवून नॉटर चालू होऊ द्या, मग फ्लायव्हील हातानेच फिरवत सुया वर येताना बघा. सुई खाचेच्या मधून जायला हवी, कडेला घासत जाता कामा नये. कडेला चकाकणारा ओरखडा असेल तर ती घासते आहे.

सुया वर येतात तेव्हा चेंबरमध्ये एक लोखंडी अडसरही आत येतो. टायमिंग चुकलं तर प्लंजर सुयांवर आदळण्याऐवजी या अडसरावर आदळतो आणि फ्लायव्हीलचा शिअर बोल्ट तुटतो. चाळीस-पन्नास रुपयांचा बोल्ट तुटून हजारोंच्या सुया वाचतात, रचनाच तशी आहे. म्हणून बघायला गेलात की अडसराचा दांडा मोकळा हलतो का, ते पहिल्या पाच मिनिटांत बघा. आणि फ्लायव्हीलमधला बोल्ट कुठला आहे तेही बघा. एकदा माझ्याकडे असं मशीन आलं होतं. बोल्ट सारखा तुटतो म्हणून आधीच्या मालकाने तिथे हाय टेन्साइल, म्हणजे सहज न तुटणारा, बोल्ट घातला होता. तो काही तुटला नाही. त्याऐवजी प्लंजरचा क्रँक मोडला आणि मोडलेल्या तुकड्याने गिअरबॉक्सचं कवच फोडलं. बोल्ट तुटण्याचं कारण एवढंच होतं की अडसराची स्प्रिंग ढिली झाली होती आणि धक्क्याने तो मध्येच आत डोकावत होता. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचाच बोल्ट घाला आणि टूलबॉक्समध्ये दहा ठेवा.

आता ते खटके. चेंबरच्या भिंतींतून स्प्रिंगवर आत डोकावणारे लोखंडी दात असतात. प्लंजरने गवत दाबून तो मागे गेला की दाबलेलं गवत उलट फुगायला बघतं. हे दात ते अडवतात. धूळ आणि गंज बसून ते भिंतीत अडकले की गवत मागे येतं, गाठ पडायच्या नेमक्या क्षणी सुतळीवर ताण येतो आणि सुतळी चोचीतून निसटते किंवा गाठीपाशी तुटते. माणसाला वाटतं नॉटर बिघडला. डिझेल, ब्रश आणि अर्धा तास, एवढ्यात हे काम होतं. गेल्या हंगामात एक मशीन मी याच एका कामावर परत पाठवलं, नॉटरला पाना लावला नाही.

सुतळीचंही तसंच. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारी प्लास्टिक सुतळी एकसारख्या जाडीची नसते. दोन हात लांबीत बोटांनी चाचपली तरी कळतं. जाड जागी ती चकतीत नीट बसत नाही आणि बारीक जागी निसटते. सुतळी बंडलाच्या आतल्या टोकाकडून ओढायची. पहिल्या बंडलाचं बाहेरचं टोक दुसऱ्याच्या आतल्या टोकाला बांधायचं, गाठ चपटी मारायची आणि शेपट्या बारीक कापायच्या, नाहीतर ती सुईच्या नेढ्यात अडकते. सुतळीच्या पेटीतल्या ताणपट्टीतून सुतळी हाताने ओढून बघा, हलका पण एकसारखा विरोध हवा. अंबाडी किंवा सिसलच्या (घायपाताच्या) सुतळीवर चाललेल्या मशीनमध्ये प्लास्टिक घातली, तर चकतीची पकड वाढवावी लागते, कारण प्लास्टिक गुळगुळीत असते. उलट बदल केलात तर पकड कमी करा.

एवढं सगळं झाल्यावर, आणि तरीही गाठी सुटत असतील तरच, नॉटर.

नॉटर समजून घ्यायचा तर हाताने एक गाठ मारून बघा. एकाने फ्लायव्हील अगदी सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने बॅटरी धरून बघायचं, कुणीही बोट आत घालायचं नाही. सुरुवातीला सुतळीचं एक टोक दातेरी चकतीने चिमटीत धरलेलं असतं. सुतळी गठ्ठ्याला वळसा घालून खालून येते आणि सुई तिची दुसरी बाजू वर आणून त्याच चकतीच्या पुढच्या खाचेत ठेवते. आता दोन्ही पदर एका छोट्या आकड्यावरून शेजारी शेजारी जातात. करंगळीच्या टोकाएवढा हा आकडा पोपटाच्या चोचीसारखा दिसतो आणि आमच्या वर्कशॉपमध्ये सगळे त्याला चोचच म्हणतात. चोच गर्रकन एक फेरी मारते, पदर तिच्याभोवती गुंडाळले जातात. फेरी संपता संपता चोच उघडते, समोरचे दोन्ही पदर तोंडात धरते आणि मिटते. मग पातं येऊन चकती आणि चोच यांच्यामधली सुतळी कापतं. पात्याच्याच हाताचा पुढचा भाग चोचीच्या पाठीवरून घासत जाऊन गुंडाळलेला फास ढकलतो. फास चोचीवरून उतरतो, तोंडातले पदर त्यातून ओढले जातात आणि गाठ पडते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. सावकाश एकदा बघितलं की पुढे कुणाला विचारावं लागत नाही.

सुटलेल्या गठ्ठ्याची सुतळी फेकू नका. मी बेलरच्या मागे एक खिळा ठोकून तिथे ती लटकवायला सांगतो, कारण दोष त्या टोकांतच वाचता येतो. एका टोकाला गाठ आहे आणि दुसरं टोक साधं कापलेलं, तर दुसरा पदर चोचीपर्यंत पोचलाच नाही. म्हणजे सुई वाकली आहे किंवा पदर सरकवून देणारं बोट हलत नाही. दोन्ही टोकं पिंजलेली असतील तर चकतीची पकड ढिली आहे किंवा पातं बोथट. टोक चकतीच्या कडेलाच चिरडल्यासारखं तुटलं असेल तर उलट, पकड जास्त घट्ट आहे. गाठ पडून चोचीलाच लटकून राहिली आणि सुतळी ओढून तुटली, तर हात चोचीच्या पाठीला टेकत नाही, किंवा चोचीच्या जबड्याची स्प्रिंग फार घट्ट आहे, किंवा चोचीवर गंज आहे. आणि गाठ उत्तम पडली, पण तिच्या शेजारी सुतळी तुटली, तर बहुधा चेंबरचा दाब जास्त आहे. मागचे दोन हँडल दोन फेरे सैल करा आणि मग बघा.

एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा, आणि वहीत नोंद. पाच गठ्ठे बांधा आणि मग पुढचा. तीन स्क्रू एकदम फिरवणाऱ्याला कशाने सुधारलं किंवा कशाने बिघडलं हे कधीच कळत नाही. नॉटरची सेटिंग हरवून बसलेली मशीनं सगळ्यात जास्त वेळ खातात.

गंजलेली चोच बदलायची घाई नको. शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने आरशासारखी होईपर्यंत घासा. कडेवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर मात्र बदला. नॉटरचा ब्रेक, म्हणजे दोन गाठींच्या मधल्या वेळेत शाफ्ट जागेवर धरून ठेवणारी पट्टी, कोरडी ठेवा. ग्रीस मारताना तिच्यावर तेल उडालं की सुया पूर्ण खाली न जाता अर्ध्यात रेंगाळतात आणि पुढच्या ठोक्याला अडसर, शिअर बोल्ट अशी मालिका सुरू होते.

सुईबद्दल माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका मशीनची सुई दगडाने वाकली होती. मी ती गॅसवर तापवून डोळ्यांच्या अंदाजाने सरळ केली आणि बसवली. दोन आठवडे त्या एकाच बाजूची गाठ अधूनमधून सुटत राहिली. मी त्या बाजूचा नॉटर दोनदा खोलला, चकती बदलली, शेतकऱ्याचे पैसे आणि गव्हाचं काड दोन्ही वाया घालवले. शेवटी चांगल्या सुईवर जाड तार वाकवून तिचा साचा केला आणि वाकलेल्या सुईवर ठेवला. टोकाशी चार मिलिमीटरचा फरक निघाला. तापवल्यामुळे तिचं कठीणपणही गेलं होतं. नवीन सुई बसवल्यावर ती तक्रार पुन्हा आली नाही. त्या शेतकऱ्याला मी चकतीचे पैसे परत दिले. तेव्हापासून सुई मी तापवत नाही आणि तारेचा साचा भिंतीवर टांगलेला असतो. तुम्ही बघायला जाल तेव्हा दोन्ही सुया एकसारख्या आहेत का आणि कुणावर वेल्डिंगचा डाग आहे का, ते नक्की बघा.

पिकअपचे (गवत उचलणाऱ्या भागाचे) दाते, टायर, रंग, पत्रे यांवर वेळ घालवत नाही. मोडलेले दाते मिळतात, टायर मिळतो. रंग तर सगळ्यात शेवटी, तोही हौस असेल तर. ताजा रंग मारलेलं जुनं मशीन मात्र जास्त लक्ष देऊन बघा, खाली वेल्डिंग लपलेलं असू शकतं. गिअरबॉक्सचं तेल बदला. खरेदीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच व्यवहार करा.

ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे, ठीक, पण क्लच कसला आहे ते बघा. डबल क्लच असेल तर पाचटाचा ढीग आला की ट्रॅक्टर थांबवता येतो आणि बेलर चालू ठेवता येतो. सिंगल क्लचमध्ये दोन्ही एकदम थांबतात आणि अर्धं गवत चेंबरच्या तोंडात अडकतं. शिवाय जड फ्लायव्हील फिरतच राहून पीटीओतून ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. ब्रेक दाबला तरी ट्रॅक्टर हातभर सरकतो. म्हणून बेलरच्या शाफ्टमधला एकाच दिशेने सुटणारा क्लच नीट चालतो का, हे बघणं तुमच्यासाठी सक्तीचं आहे.

आता पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. चालेल, पण पेंढ्याइतकं सोपं नाही. पान लांब, सरी-वरंब्याचं रान, मुळाशी बुडखे आणि दगड, आणि ठिबकच्या नळ्या. ठिबकची एक नळी पिकअपने ओढली की बघता बघता पन्नास फूट गुंडाळली जाते. नळ्या आधी काढा, सगळ्या, सरीच्या टोकाचा तुकडासुद्धा. रेकने (पाचट गोळा करणाऱ्या दाताळ्याने) पाचट वरंब्यावर ओढून पिकअपच्या रुंदीएवढी ओळ करा. पिकअप जमिनीपासून दोन-तीन इंच वर राहू द्या. खाली थोडं पाचट राहिलं तर राहू दे, माती आत जाण्यापेक्षा ते बरं. पीटीओ कायम ५४० वर, आणि वेग कमी-जास्त करायचा तो गिअर बदलून. एक गठ्ठा व्हायला बारा ते पंधरा ठोके लागले, म्हणजे वेग बरोबर. सात-आठ ठोक्यांत गठ्ठा होत असेल तर तुम्ही पळताय, थर जाड पडतात आणि गठ्ठा उचलताना मधून मोडतो. गठ्ठा केळ्यासारखा वाकडा निघाला तर फीडर एका बाजूला जास्त भरतोय, काट्याची जागा बदला. १४ बाय १८ इंचाच्या चेंबरमधून निघालेला तीन फुटी गठ्ठा वाळलेल्या पाचटात १८ ते २० किलो भरला, की मी दाब वाढवायचं थांबवतो.

पण दादा, सगळ्या १४ एकरांतलं पाचट उचलू नका. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र आणि पाऊण ते एक टक्का पालाश असतो, आणि सेंद्रिय कर्ब तर भरपूर. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) ठेवणार असाल त्या रानात पाचट सरीतच कुजू द्या, धाराशिवच्या उन्हात ते पाणीही वाचवतं. जे रान मोडायचं आहे आणि जिथे लोक काडी लावून पाचट पेटवतात, तिथलं बेलरने उचला. म्हशींना खायला म्हणून पाचटावर भिस्त ठेवू नका, अंथरायला आणि विकायला ते चांगलं. चाऱ्यासाठी गव्हाचं काड आणि गवत बांधा. सोयाबीनची गुळी बारीक असते, ती मशीनमध्ये नीट बांधली जात नाही. आणि कुट्टीत टाकण्याआधी प्रत्येक गठ्ठ्याची प्लास्टिक सुतळी मोजून काढा, दोन म्हणजे दोन. जनावराच्या पोटात गेलेली सुतळी बाहेर येत नाही.

ओल १८ टक्क्यांच्या आत असेल तरच बांधा. २० च्या वर गेली की बुरशी धरते आणि गंजी आतून तापते. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर बारीक चारा आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मिठाचे खडे झाले तर अजून एक ऊन द्या. गंजी रचल्यावर पहिले दोन-तीन आठवडे मध्ये एक लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि रोज ओढून हात लावा. हातात धरवत नसेल तर त्याच दिवशी गंजी उघडा. खालचा थर दगडांवर नाहीतर लाकडांवर रचा आणि त्या थरातल्या सुतळ्या जमिनीला टेकू देऊ नका, गठ्ठा कुशीवर ठेवा.

एक गोष्ट मी प्रत्येकाकडून तोंडी कबूल करून घेतो, तुम्हीही करा. पिकअपमध्ये गवत अडकलं की पीटीओ बंद, ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत उभं राहायचं आणि मगच हात लावायचा. फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. अडकलेलं गवत हाताने ओढताना ते सुटतं आणि माणसाचा हात गवताच्याच वेगाने आत जातो, सोडायला वेळ मिळत नाही. आमच्या तालुक्यात एक मुलगा असाच कोपरापर्यंतचा हात गमावून बसला आहे, बावीस वर्षांचा होता. त्याच्या मशीनला मीच ग्रीस मारून दिलं होतं, आणि ही गोष्ट तेव्हा मी त्याला सांगितली नव्हती. पीटीओ शाफ्टचं कव्हर नसेल तर आधी कव्हर आणा, मग सुतळी.

पहिल्या दिवशी रिकामं मशीन कमी फेऱ्यांवर अर्धा तास चालवा, थांबवा आणि प्रत्येक बेअरिंगला हात लावून बघा. जे चटका देतं ते बदला. चेंबर आतून गंजलेला असेल तर मागचे हँडल पूर्ण सैल करून पहिले वीस-पंचवीस गठ्ठे बांधा. गंजलेल्या पत्र्यावर गवत अडतं आणि गठ्ठा दगडासारखा होऊन सुतळी तुटते. पत्रा चकाकू लागला की हळूहळू दाब वाढवा.

हंगाम संपल्यावर चेंबरमधला शेवटचा अर्धा गठ्ठा आत ठेवू नका. पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पुढच्या वर्षी तुम्हाला पुन्हा तोच गंज मिळतो. कोरड्या हवेने फुंकून घ्या, बेअरिंगवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. चेंबरच्या भिंतींना जुन्या तेलाचा हात, सुऱ्यांना ग्रीस, आणि दोन्ही चोचींवर बोटाने तेलाचा एक थेंब फिरवून वर प्लास्टिकची पिशवी बांधा.